सोलापूर ते डिब्रूगड: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कसा काढायचा

सोलापूर ते डिब्रूगड सरळ रेषेत सुमारे २,२४० किलोमीटर. मुंबई आणि कोलकाता करत गेलात तर हवेतलंच अंतर २,८७० च्या घरात जातं. वेळ विचारला तर इंटरनेटवरचं गणकयंत्र ‘साधारण तीन तास’ म्हणून मोकळं होतं, आणि सोलापुरातून पहाटे आवरून निघालेला माणूस तिथं रात्रीचं जेवायला पोचला तरी नशीब म्हणायचं. यातला एकही आकडा खोटा नाही. फक्त कुठला आकडा कशाचा, ते ज्याचं त्याला कळायला हवं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. फेऱ्या लावणं, धावण्याचा वेळ ठरवणं, उशिरा आलेल्या गाडीची पुढची फेरी कशी सावरायची ते बघणं, नोकरी यातच गेली. निवृत्त झालो आणि लेक लग्न होऊन दुलियाजानला गेली. जावईबापू तिथं तेल कंपनीत आहेत. दुलियाजानला जवळचा विमानतळ डिब्रूगड. तेव्हापासून हा हिशेब मी कागदावर करतो, आणि आता कॉलनीत कुणाचं पोरगं आसामात, अरुणाचलात पोस्टिंगला गेलं की त्याचे आईवडील संध्याकाळी चहाला येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. सामान काही लागत नाही. कागद, पेन्सिल, मोबाइलचा कॅल्क्युलेटर. उदाहरण डिब्रूगडचं घेतलंय, पण हीच रीत कोल्हापूर ते जोरहाट किंवा नांदेड ते दरभंगा अशा कुठल्याही जोडीला लागू पडते.

आधी विमानतळ पक्का करा

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण निम्मा घोळ इथंच होतो. सोलापूरचं म्हणाल तर बोरामणीच्या नव्या विमानतळाचं नाव आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, पण विमानं उडतात ती होटगी रोडवरच्या जुन्या विमानतळावरून. तोच तो, ज्याच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी येत होती. २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली, त्यावरून गावात जे रामायण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्यात पडत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण केलेल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये फ्लाय-९१ ची गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरची मुंबईची सेवा सुरू झाली.

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, तो तिकिटावर छापलेला असतो. सोलापूरचा एस-एस-ई, डिब्रूगडचा डी-आय-बी. अंतर शोधताना गावाचं नाव टाकू नका, हा कोड टाका. गावाचं नाव टाकलं की यंत्र कधी गावाचा मध्य धरतं, कधी रेल्वे स्टेशन. डिब्रूगडचा विमानतळ मोहनबारीला आहे, शहरापासून पंधराएक किलोमीटर लांब. दोन हजार किलोमीटरच्या हिशेबात पंधरा किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पण गोव्यासारख्या ठिकाणी मोपा आणि दाभोळी यांच्यात गोंधळ झाला तर माणूस राज्याच्या भलत्याच टोकाला उतरतो. मुंबईचंही आता तसंच. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळाचा कोड बी-ओ-एम, आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या नवी मुंबईचा एन-एम-आय. एका ठिकाणी उतरून पुढचं विमान दुसऱ्या ठिकाणाहून असेल तर मधला रस्ता तुमचा तुम्ही काटायचा.

चार अक्षरी कोडही असतो, वैमानिक आणि नियंत्रण कक्षवाले वापरतात तो. सोलापूरचा व्ही-ए-एस-एल, डिब्रूगडचा व्ही-ई-एम-एन. प्रवाशाला त्याचा उपयोग नाही, पण मला त्यात मजा वाटते. पहिलं अक्षर आपल्या भागाचं, दुसऱ्यावरून कळतं विमानतळ देशाच्या कुठल्या बाजूचा: ‘ए’ म्हणजे मुंबईकडचा, ‘ई’ म्हणजे कोलकात्याकडचा, ‘आय’ दिल्लीकडचा, ‘ओ’ चेन्नईकडचा.

अंतर काढायची रीत

आळशी माणसाची रीत आधी सांगतो. मोबाइलवर गुगलचा नकाशा उघडा, होटगी रोडच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, लाल खूण उमटेल. खाली पर्यायांत ‘अंतर मोजा’ असेल, ते दाबा आणि नकाशा सरकवत मोहनबारीपर्यंत न्या. आकडा समोर येतो. पृथ्वी गोल आहे हे धरूनच तो काढलेला असतो, त्यामुळे चोख असतो.

पण स्वतः काढलेल्या आकड्यावर विश्वास वेगळाच बसतो, म्हणून हाताने कसं काढायचं ते सांगतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. सोलापूर: उत्तर १७.६३, पूर्व ७५.९३. डिब्रूगड: उत्तर २७.४८, पूर्व ९५.०२.

इथं एक खड्डा आहे. कुठं कुठं हे आकडे अंश-मिनिटं-सेकंदांत दिलेले असतात. सोलापूरचा अक्षांश १७ अंश ३७ मिनिटं ४० सेकंद असा. तो १७.३७ असा लिहायचा नाही. मिनिटांना ६० ने भागायचं, सेकंदांना ३,६०० ने, आणि मग अंशांत मिळवायचं: १७ अधिक ०.६१७ अधिक ०.०११, म्हणजे १७.६२८. आमच्या कट्ट्यावरच्या एका इंजिनियर साहेबांनी सरळ १७.३७ धरलं होतं. तेवढ्यानं सोलापूर जवळपास तीस किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकाच्या बाजूला सरकलं.

आता उत्तर-दक्षिण फरक: २७.४८ वजा १७.६३, म्हणजे ९.८५ अंश. अक्षांशाचा एक अंश कुठंही गेलं तरी साधारण १११.२ किलोमीटरचा. गुणा. १,०९५ किलोमीटर आले.

पूर्व-पश्चिम फरक: ९५.०२ वजा ७५.९३, म्हणजे १९.०९ अंश. पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा, आणि उत्तरेला जाल तसा आक्रसत जातो, कारण सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात. सोलापूरच्या पातळीवर तो १०६ किलोमीटरचा आहे, डिब्रूगडच्या पातळीवर ९९ सुद्धा भरत नाही. म्हणून दोन्ही अक्षांशांची सरासरी काढायची, इथं २२.५५, आणि तिचा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं ‘cos’ बटण) घ्यायचा. तो येतो ०.९२३५. मग १११.२ गुणिले ०.९२३५ म्हणजे १०२.७ किलोमीटर प्रति अंश, आणि १९.०९ अंशांचे झाले १,९६० किलोमीटर.

कॅल्क्युलेटरवर कोसाइन काढताना तो ‘डिग्री’वर आहे ना, ते बघा. पटकन तपासायचं असेल तर ६० चा कोसाइन काढा. ०.५ आला तर ठीक, नाहीतर यंत्र रेडियनवर आहे आणि पुढं येणारा प्रत्येक आकडा कचरा.

शेवटची पायरी शाळेतली, पायथागोरसची. १,०९५ चा वर्ग, १,९६० चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २,२४५. पृथ्वीचा गोलावा धरून काटेकोर सूत्रानं काढलं तर २,२४१ येतं. चार किलोमीटरचा फरक, तोही कागदावर. दोन-अडीच हजार किलोमीटरपर्यंत, आपल्या अक्षांशांवर, ही रीत डोळे झाकून वापरा. दिल्ली ते न्यूयॉर्क काढायला मात्र बसू नका. तिथं विमान उत्तरेकडून वळसा घातल्यासारखं जातं आणि ही सपाट कागदाची रीत साफ कोलमडते.

संकेतस्थळावर आकडा बघितला तर एकक बघायला विसरू नका. हेच अंतर कुणी १,३९२ मैल लिहितं, कुणी १,२१० सागरी मैल. विमानवाले सागरी मैलात बोलतात, आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा.

सोलापूर–दुबई अंतरही मी याच कागदावर काढून बघितलं. २,२९० च्या आसपास येतं. म्हणजे दुबई आपल्याला डिब्रूगडपेक्षा जेमतेम पन्नास किलोमीटरनं लांब. लेकीला दुबईला दिली असती तर लोक ‘बापरे, केवढ्या लांब’ म्हणाले असते. आसामला दिली तर म्हणतात, ‘आपल्याच देशात आहे की.’

रेषेवरून विमान जात नाही

सोलापूरहून डिब्रूगडला रेघ मारली तर ती विदर्भाच्या दक्षिण अंगानं, छत्तीसगड, झारखंड करत पश्चिम बंगालात शिरते, बांगलादेशाचा उत्तर भाग ओलांडते आणि मेघालयावरून आसामात उतरते. रेघ मारायला आपल्या बापाचं काय जातं. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांवरून, एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर असं जातं. वाटेत लष्करानं राखलेलं आकाश असतं, ढग टाळायचे असतात, धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते म्हणून उलट्या बाजूनं वळून यावं लागतं. म्हणून काढलेल्या अंतरात शेकडा पाच मिळवा. लांबच्या टप्प्याला कधी कधी एवढं लागत नाही, आखूड टप्प्याला जास्तही लागतं, पण पाच टक्के धरलं की माणूस फसत नाही. २,२४० चे २,३५० झाले.

आता वेळ

विमानाचा वेग म्हणून पुस्तकात दिलेला असतो तो वर गेल्यावरचा, सरळ पल्ल्याचा. एअरबस ए-३२० सारखं जेट ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. एम्ब्रेअर ई-१७५ त्याच्या जवळपास, किंचित कमी. गोव्याला जातं ते पंख्याचं एटीआर ७२ ताशी ५०० च्या आसपास.

अंतराला या वेगानं भागून वेळ काढतात, आणि तो नेहमी कमी येतो. का, ते एसटीवाल्याला सांगावं लागत नाही. सोलापूर–पंढरपूर गाडीचा वेळ आम्ही लावायचो तो हायवेवरच्या वेगानं नाही. स्टँडातून मागं घेऊन बाहेर पडायचं, गावातली गर्दी काढायची, तिकडं पुन्हा गावात शिरून फलाटाला लावायची, हे सगळं धरून फेरीचा वेळ. विमानाच्या वेळापत्रकातला वेळही असाच असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तिथपासून, पलीकडं जागेवर उभं राहून चाकांना ठोकळे लागेपर्यंत. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, हळूहळू वर चढणं, हळूहळू उतरणं आलं. या सगळ्यात वेग कधीच ८३० नसतो.

म्हणून हिशेब असा: अंतर अधिक पाच टक्के, भागिले वेग, आणि वर जेटला ३० मिनिटं, एटीआरला २५ मिनिटं. तीनशे-चारशे किलोमीटरचा आखूड टप्पा असेल तर जेटचा वेग ७०० धरा, कारण पुरती उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ येते.

सोलापूर–मोपा करून बघा. सरळ अंतर ३०४ किलोमीटर. पाच टक्क्यांनी झालं ३१९. ५०० ने भागलं की ३८ मिनिटं, अधिक २५, म्हणजे तासाभराच्या थोडं वर. सोलापूर–मुंबई ३६२ किलोमीटर. पाच टक्क्यांनी ३८०, सातशेच्या वेगानं ३३ मिनिटं, अधिक ३०, पुन्हा तासाभराच्या आसपासच. मुंबईवर उतरायची रांग असली तर वर घिरट्या घालाव्या लागतात, त्याला कुठलंच सूत्र नाही, म्हणून सव्वा तास धरून चाला. रेल्वेनं हेच अंतर ४५५ किलोमीटर पडतं आणि वंदे भारतला साडेसहा तास लागतात.

मग सोलापूर–डिब्रूगड थेट जेट असतं तर? २,३५० भागिले ८३०, दोन तास पन्नास मिनिटं, अधिक अर्धा तास. तीन तास वीस मिनिटं. इंटरनेटवरचे ‘तीन तास’ येतात ते इथून, वर-खाली व्हायचा अर्धा तास पुरता न धरता. एटीआरनं काढलं तर पाच तास येतात, पण ते नुसतं गणित झालं. एटीआर ७२ पूर्ण प्रवासी घेऊन चौदा-पंधराशे किलोमीटरपलीकडं एका दमात जात नाही. म्हणून छोट्या विमानतळांची जोडी बघताना अंतर काढून झालं की लगेच बघायचं, तिथं येणाऱ्या विमानाचा पल्ला तेवढा आहे का. सोलापूरला आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे ऊन. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते. धावपट्टी सुमारे दोन हजार मीटरची, गाव समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरवर, आणि मे महिन्यातल्या दुपारी पारा बेचाळीसच्या वर. अशा वेळी मोठ्या विमानाला पोटभर इंधन आणि भरगच्च प्रवासी हे दोन्ही एकदम जमेलच असं नाही.

वारा

जाताना आणि येताना वेळ वेगळा का छापलेला असतो, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. पृथ्वी फिरते म्हणून, असं उत्तर कट्ट्यावर एकजण तरी देतोच. ते चूक आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर बुलबुल उडून पुन्हा त्याच झाडावर बसला नसता. खरं कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, हिमालयाच्या दक्षिण अंगाला, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याच्या ऐन झोतात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा जोर असतो. आसामकडं जाणारं विमान त्यात शिरलं की पाठीवर ढकल मिळते, येताना तोच छातीवर.

मुंबई–गुवाहाटी घ्या. २,०७० किलोमीटर, पाच टक्क्यांनी २,१७०. सगळ्या वाटेवर सरासरी ८० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना जमिनीवरचा वेग ९१०, म्हणजे वरची ३० मिनिटं सोडून दोन तास तेवीस मिनिटं. येताना ७५०, म्हणजे दोन तास चोपन्न मिनिटं. एकाच विमानाला, एकाच वाटेवर अर्ध्या तासाचा फरक. पावसाळ्यात तो झोत हिमालयाच्या पलीकडं सरकतो आणि हा फरक बराच कमी होतो. जानेवारीत परतीचं विमान धरून मुंबईहून सोलापूरचं पकडायचं असेल तर हा अर्धा तास आधीच वजा करून ठेवा.

किलोमीटर कमी, वेळ जास्त

सोलापूर–डिब्रूगड थेट विमान नाही, मध्ये बदल करावेच लागतात. मुंबईनंतर कोलकाता, गुवाहाटी, नाहीतर दिल्ली. तिन्हींचे टप्पे वेगवेगळे काढून बेरीज करा, एकदम काढू नका, कारण अर्ध्या तासाची भर प्रत्येक टप्प्याला नव्यानं पडते.

गुवाहाटीवरून: ३६२, २,०७० आणि ३७३, मिळून २,८०५ किलोमीटर. विमानातला वेळ साधारण सव्वापाच तास.

कोलकात्यावरून: ३६२, १,६६० आणि ८५०, मिळून २,८७२. वेळ तोच, पाच-दहा मिनिटं इकडं-तिकडं.

दिल्लीवरून: ३६२, १,१३७ आणि १,७६३, मिळून ३,२६२. वेळ पावणेसहा तासांच्या आसपास.

म्हणजे दिल्लीवरून साडेचारशे किलोमीटर जादा पडतात आणि वेळ वाढतो जेमतेम अर्ध्या तासानं. लोक नकाशा बघून म्हणतात, दिल्लीवरून कशाला, उलटं जायचं. पण दिल्लीला दोन तासांत पुढचं विमान असेल आणि गुवाहाटीला सहा तास बसावं लागत असेल, तर दिल्लीच बरी. अंतर कमी म्हणून मार्ग निवडायचा नाही, बसणं कमी म्हणून निवडायचा.

बसण्याचा हिशेब करताना तिकीट एक आहे की दोन, हे आधी बघा. सोलापूर–मुंबई एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर मुंबईला उतरायचं, पट्ट्यावरून सामान घ्यायचं, बाहेर पडायचं, गरज पडली तर एक नंबरवरून दोन नंबर टर्मिनलला रस्त्यानं जायचं, पुन्हा सामान द्यायचं, पुन्हा तपासणी. बहुतेक कंपन्यांचा काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो. आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही परत देत नाही. दोन तिकिटं असतील तर मुंबईला तीन तास ठेवा, नवी मुंबईहून जुन्या विमानतळावर जायचं असेल तर पाच. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असतील तर दीड-दोन तासांत भागतं, सामान पुढं परस्पर जातं, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळं पुढचं चुकलं तर पुढची सोय करणं त्यांच्याकडं लागतं.

आता सगळं जोडा. घरातून होटगी रोडला अर्धा तास, तिथं दीड तास आधी, गुवाहाटीवरून विमानात सव्वापाच तास, मुंबईला तीन, गुवाहाटीला दोन, उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा, आणि मोहनबारी ते दुलियाजान चाळीस-पन्नास किलोमीटर, तास-सव्वा तास. चौदा तास झाले. २,२४० किलोमीटरला चौदा तास म्हणजे ताशी १६० चा वेग पडला. यातले विमानात किती, ते बघितलंच तुम्ही.

त्यामुळं सोलापूरचं विमान दुपारचं असेल तर त्याच दिवशी पोचायचा नाद सोडा, वाटेत मुक्काम धरूनच तिकीट काढा. सोलापूरहून सोयीचं विमान नसेल त्या दिवशी हैदराबाद बघायला हरकत नाही. रस्त्यानं तीनशेच्या थोडं वर, सरळ अंतर २६८, आणि तिथून गुवाहाटी १,६८० किलोमीटर. मुंबईपेक्षा जवळपास चारशेनं कमी. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहेच. रात्रीच्या गाडीनं पहाटे पुण्यात उतरून विमान धरणारे सोलापुरात कमी नाहीत. मी एसटीचा माणूस, मी हेच सुचवणार असं घरात म्हणतात, पण हिशेब करून बघा, बऱ्याचदा हाच मार्ग तासाभरानं कमी निघतो.

उजेडाचा हिशेब वेगळा

हा भाग वेळापत्रकात नसतो. देशाला घड्याळ एकच, साडेब्याऐंशी रेखांशावरचं. पण सूर्य एका अंशाला चार मिनिटं घेतो. सोलापूर आणि डिब्रूगडमध्ये १९ अंशांचा फरक, म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा ७६ मिनिटं पुढं. त्यात तो भाग उत्तरेला, हिवाळ्यात दिवसही लहान. डिसेंबरात सोलापुरात सहाला पाच-दहा मिनिटं कमी असताना सूर्य मावळतो, डिब्रूगडला साडेचारच्या आत. माझं विमान साडेचारला उतरणार म्हटल्यावर लेक फोनवर म्हणाली, “अप्पा, म्हणजे तुम्ही अंधारात उतरताय. गाडी आधीच सांगून ठेवते, तिथं शोधत बसू नका.” मी घड्याळ बघत होतो, ती खिडकीबाहेर बघत होती.

तिकडच्या चहाच्या मळ्यांत तर घड्याळच एक तास पुढं लावलेलं असतं. त्याला बागान टाइम म्हणतात, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला आहे, आणि अजून कित्येक मळ्यांत कामाच्या वेळा त्यावरच चालतात. कुणी मळेवाला तुम्हाला ‘आठला या’ म्हणाला तर कुठले आठ, ते विचारून घ्या. त्याचे आठ म्हणजे आपले सात.

हिवाळ्यात सकाळी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात धुकं दाटतं, तेव्हा पहाटेचं पहिलं विमान धरण्यापेक्षा दहा-अकराचं बरं. तिथून परतताना हे जास्त लक्षात ठेवा, कारण तिथं तास गेला तर पुढं मुंबईतलं सोलापूरचं विमान जातं, आणि सोलापूरला विमानं काही दर तासाला नाहीत.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळीनंतरचं तिकीट ऑगस्टमध्ये काढलंत तर त्या रविवारनंतर एकदा उघडून वेळा पुन्हा बघा. अंतर बदलत नाही, पण मुंबईतले तुमचे तीन तास दीडावर आलेले असू शकतात. तसं झालं तर लगेच फोन करून पुढचं विमान बदलून मागा. कंपनीनं स्वतः वेळ बदलली असेल तर बहुधा जादा पैसे न घेता बदलून देतात, पण ते मागावं लागतं.